उजवं मडगार्ड

ऑरिन्स क्रॉसिंग, ओहायो
२० जुलै १९९८

प्रिय कॉरीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे अजून थोडी आशा आहे. फोन करणार होतो, पण मागच्या वेळी तू जो आपटलास त्याने माझ्या कानाला दडा बसला होता. एडना मावशीला पुरून सगळे चर्चच्या तळघरात जेवायला बसले आणि मी तेवढ्यात सटकलो, त्याला आता चार वर्षं झाली. जवळच्या लिमा गावात एका गाडीचा सौदा ठरला होता. सख्ख्या मावशीपेक्षा गाडी मोठी का, असं तू सगळ्यांसमोर विचारलंस. माझं चुकलं.

आता खरी बातमी. बर्ल ओक्सची गाडी मी गावात परत आणली आहे. तीच ती, अडुसष्टची जीटीओ, हिरवी, उघड्या टपाची. पाव मैलाच्या शर्यतीत बर्लने तिच्यावर सलग नऊ रविवार सगळ्यांना धूळ चारली होती. एकोणसत्तरच्या सप्टेंबरात त्याने ती एकाएकी विकून टाकली. मग ती क्लीव्हलंडला गेली, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या एका छानछोकीवाल्याकडे. त्याच्याकडून सिनसिनाटीच्या एका बेसबॉलपटूने घेतली. त्याने तीन लग्नं केली आणि तिन्ही वेळा नवरी चर्चमधून याच गाडीतून घरी आणली. तिसरी सोडून जाताना गाडी घेऊन गेली आणि सूड म्हणून तिने ती कोंबड्यांच्या खुराड्यात उभी केली. तिथून मी तिला सोडवली. सीटांवरची घाण काढायला मला अकरा दिवस लागले.

बर्लला जाऊन दोन वर्षं झाली. यंदा सप्टेंबरात लेबर डेच्या मिरवणुकीत त्याच्या स्मरणार्थ ही गाडी सगळ्यांत पुढे न्यायची, असं गावाने ठरवलंय. चालवणार मी. त्याआधी जुन्या गाड्यांच्या क्लबचे परीक्षक येऊन तिला तपासतील. गाडी कोणाकोणाकडे होती, कशी होती, याचे कागद आणि फोटो त्यांना लागतात.

म्हणून तुझ्याकडे आलोय. एकोणसत्तरच्या चार जुलैच्या मिरवणुकीत एडना मावशीने एक फोटो काढला होता. रोवेना मागच्या सीटच्या पाठीवर बसलेली, मिरवणुकीची राणी म्हणून डोक्यावर मुकुट, आणि पुढे बर्ल गाडी चालवतोय. तो फोटो तुझ्याकडे असणार. आठवडाभरासाठी दे. रोवेनाही सगळ्यांना पुन्हा दिसेल.

तुझा मावसभाऊ,
व्हर्जिल


टोलेडो
२७ जुलै १९९८

व्हर्जिल,

‘प्रिय’ लिहायला हात वळला नाही.

रोवेना सगळ्यांना पुन्हा दिसेल, असं तू लिहितोस. तू काय विसरलायस ते सांगते, कारण तुझं पत्र वाचून वाटतं की तुला फक्त गाडीच आठवते. माझी बहीण त्या फोटोनंतर एक दिवस जगली. शनिवारी आइस्क्रीमच्या टपरीवरची पाळी संपवून, पांढऱ्या गणवेशात, खाणीच्या रस्त्याने ती पायी घरी येत होती. अंधारही नीट पडला नव्हता. कोणीतरी तिला उडवलं आणि गाडी न थांबवता निघून गेलं. वीस वर्षांची होती.

गावच्या पेपरात चार ओळी आल्या. ‘दारूच्या नशेत रस्त्याच्या मधोमध चालणाऱ्या तरुणीला अज्ञात वाहनाची धडक.’ तिच्याशेजारी व्हिस्कीची बाटली सापडली होती म्हणे. व्हर्जिल, ती खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घ्यायची. तरी त्या चार ओळी गावाने पाठ केल्या. चर्चमध्ये बायका आईला म्हणायच्या, ‘मुलीला जरा आवरायला हवं होतं, एडना.’ आई पंचवीस वर्षं ते ऐकत राहिली आणि ऐकता ऐकताच गेली. मला आता कोणाला तुरुंगात धाडायचं नाही. ‘दारूच्या नशेत’ हे शब्द माझ्या बहिणीच्या नावावरून पुसले जावेत, एवढीच माझी इच्छा आहे, आणि ती पुरी होणार नाही हेही मला कळतं.

आणि तुझा बर्ल. त्या शनिवारी तो दोनदा टपरीवर येऊन तिच्यामागे लागला होता, ‘चल, फिरवून आणतो.’ ती नाही म्हणाली. आईने हे शेरीफला सांगितलं. सोमवारी सकाळी शेरीफ बर्लच्या अंगणात जाऊन गाडीभोवती फिरून आला आणि आईला म्हणाला, ‘पत्र्यावर ओरखडा नाही. भल्या माणसावर आळ घेतलास तू.’ मग माझ्या आईने चेरीचा केक भाजला आणि बर्लची माफी मागायला गेली. केक मी धरला होता. बर्लने दारातच त्याचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला. ‘जाऊ दे एडना, पोटची पोर गेली की माणूस काहीही बोलतं.’ ओठांवर चेरीचा रस, आणि बोलताना चावणं चालूच. शाळेच्या स्वयंपाकघरात मला चोवीस वर्षं झाली, पण चेरीचा डबा अजून दुसरं कोणीतरी उघडतं.

दफनाला तो आला नाही. पुढे ट्रॅक्टरांचं दुकान काढून, पोट सुटून, गावाचा लाडका म्हातारा होऊन मेला. त्याच्या नावाने तुम्ही मिरवणूक काढा नाहीतर देऊळ बांधा. फोटो मिळणार नाही.

कॉरीन


ऑरिन्स क्रॉसिंग
४ ऑगस्ट १९९८

प्रिय कॉरीन,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण तूच लिहिलंस ना, शेरीफने स्वतः बघितलं होतं म्हणून? मग बिचाऱ्या बर्लवर राग कशाला? मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये.

एकदा गाडी बघ, तुझं मत बदलेल. नव्यासारखी चकाकणारी जीटीओ कोणीही करून दाखवेल. ही तशी नाही. हिचा पत्रा न् पत्रा कारखान्यातून आला तोच आहे. इंजिनावरचा आकडा आणि चासीवरचा आकडा जुळतो. रेक्झीनसुद्धा तेच. कोंबड्यांनी चोची मारल्या तिथे मी आतून ठिगळ लावलं, वरून दिसत नाही. परीक्षकांना हेच लागतं. त्यांच्या भाषेत गाडी आयुष्यात एकदाच मूळची असते.

एकच खोट होती. पुढचं उजवं मडगार्ड दुसऱ्या गाडीचं होतं. बेसबॉलवाल्याला पत्ता नाही, हवामानवाल्याला नाही. मला होता, कारण ते मीच बसवलं होतं. मूळचं मडगार्ड कुठे होतं सांग? माझ्या कोठाराच्या माळ्यावर, आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळून. एकोणतीस वर्षं. बर्लला हरीण आडवं आलं होतं आणि तो म्हणाला, ‘भंगारात टाक.’ पण चांगला पत्रा माझ्याच्याने टाकवत नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे. मागच्या महिन्यात काढलं आणि जागेवर बसवलं. चारही बोल्ट बोटांनी फिरले, इतकं नेमकं. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो, खोटं सांगत नाही.

पोचा तसाच ठेवलाय. ठोकून सरळ केला तर कारखान्याचा रंग उडेल. गाडीचं नाक रबरासारख्या मालाचं आहे, मार खाल्ला तरी पुन्हा फुगून जागेवर येतं, त्यामुळे पुढून काही कळत नाही. पोचा फक्त मडगार्डवर, हेडलाइटच्या मागे. परीक्षक तो बघून टोप्या काढतील.

क्लबसाठी केलेल्या कागदांची झेरॉक्स सोबत पाठवतोय. गाडीचा कुठलाही भाग कधी निघाला असेल तर कोणी, कधी, का काढला हे काम करणाऱ्याने सहीनिशी लिहायचं, असा त्यांचा नियम आहे. सहावं पान माझं आहे. वाचलंस तर कळेल की हा येड्यांचा बाजार नाही, किती काटेकोर काम असतं ते.

फोटोचा विचार कर.

तुझा,
व्हर्जिल


टोलेडो
१० ऑगस्ट १९९८

प्रिय व्हर्जिल,

कागद मिळाले. दोनदा वाचले. एवढं टापटिपीचं काम तू करत असशील असं वाटलं नव्हतं.

फोटो शोधला, आहे. फ्रेममधून काढून ठेवलाय. फोटोत गाडीची उजवी बाजू चांगली दिसते. पण तुझ्या सहाव्या पानाची झेरॉक्स फिकट आली आहे, तारीख आणि सही वाचता येत नाही. मूळ पान पाठवशील का? मला तुझ्या सहीचा कागद बघायचा आहे. मग फोटोचं बघू.

आणि एक सांग, मला गाड्यांतलं कळत नाही म्हणून विचारते. मडगार्ड बदलायला किती वेळ लागतो?

कॉरीन


ऑरिन्स क्रॉसिंग
१५ ऑगस्ट १९९८

प्रिय कॉरीन,

‘प्रिय’ वाचलं आणि बरं वाटलं. मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, ‘जप, ही बाई काहीतरी शिजवते आहे.’ मी म्हटलं, ‘ती चोवीस वर्षं शिजवतेच आहे, शाळेत.’

सोबत मूळ पान पाठवतोय, काळ्या शाईतलं. चुरगळू देऊ नकोस, परीक्षक तीस तारखेला येणार आहेत. त्याआधी परत हवं.

मडगार्ड नुसतं बदलायचं तर दीड तास. रंग मारून, दिव्यांच्या धगीवर वाळवून, बाजूच्या पत्र्याशी हिरवा जुळवायचा तर एका माणसाचा अख्खा दिवस जातो. मी एकट्याने केलं होतं. वय एकोणीस. हिरवा असा जुळला होता की बर्लसुद्धा दोन पावलांवरून फसला. मी तेव्हा कामाला होतो त्या गॅरेजच्या मागे तसलीच एक अपघातातली गाडी पडून होती, तिचं काढलं होतं. आज कोणी असं काम करून दाखवावं.

फोटोची वाट बघतो.

तुझा,
व्हर्जिल


टोलेडो
२२ ऑगस्ट १९९८

व्हर्जिल,

पान मिळालं. ते आता बँकेच्या तिजोरीत आहे आणि परत येणार नाही.

तुझ्या सहीने, तुझ्या अक्षरात, काळ्या शाईत लिहिलंय: ‘पुढचं उजवं मडगार्ड. काढलं: रविवार, ६ जुलै १९६९. कारण: हरणाला धडक. काम: व्हर्जिल स्टकी.’

शुक्रवारी चार तारखेच्या फोटोत ते मडगार्ड साफ आहे, त्यात फुटपाथवरच्या माणसांची प्रतिबिंबं दिसतात. शनिवारी पाचला रोवेना मेली. रविवारी सहाला तू मडगार्ड बदललंस, रंगवलंस, दिवसभर वाळवलंस. सोमवारी सातला शेरीफने तुझा रंग बघितला आणि माझ्या आईला खोटी ठरवलं. त्यानंतर तिने केक भाजला. गाड्यांतलं मला कळत नाही, पण वारांची नावं मला येतात.

तू हे कधी जुळवलंच नाहीस, असं सांगू नकोस. तू थँक्सगिव्हिंगला आमच्या टेबलावर बसायचास. आई टर्कीचा पहिला तुकडा तुला वाढायची, कारण तुझी आई लवकर गेली होती. आणि दर वर्षी न चुकता विचारायची, ‘व्हर्जिल, तू गाड्यांतला माणूस, तेव्हा कोणाच्या गाडीला मार लागलेला दिसला होता का रे?’ तू म्हणायचास, ‘नाही मावशी,’ आणि मग बटाटे मागायचास. मी ते बटाटे तुझ्या हातात दिलेत. आज तो हात मी तीनदा साबणाने धुतला.

मला सगळ्यांत जास्त ओकारी कशाची आली सांगू? गोधडीची. गोधडीत गुंडाळून ठेवलंस ते. रोवेनावर त्यांनी टाकली होती ती गवताच्या गाडीवरची ताडपत्री, तिला शेणाचा वास येत होता. तिला ओळखायला मी गेले होते, म्हणून मला माहीत आहे. ती तिथे होती आणि तू त्या पत्र्याला थंडी वाजू नये म्हणून आपल्या आईची गोधडी काढलीस. पोचा तसाच ठेवलाय म्हणे. परीक्षक टोप्या काढतील म्हणे. बोल्ट बोटांनी फिरले म्हणून तू रडलास. माझ्या बहिणीच्या दफनाला तू आला होतास, मागच्या बाकावर, मी बघत होते. तुझे डोळे कोरडे होते.

तुझी किळस येते, व्हर्जिल. बर्लची येत होती त्याहून जास्त. तो जनावर होता आणि जनावरासारखा वागला. तू आमच्या घरातला होतास.

आता ऐक. लेबर डे सात सप्टेंबरला आहे. त्याच्या आत तू स्वतः ती गाडी शेरीफच्या कचेरीत नेऊन उभी करायची आणि तोंडाने सगळं सांगायचं. नाहीतर मिरवणुकीच्या दिवशी मी त्या गाडीच्या पुढे उभी राहीन, एका हातात फोटो आणि एका हातात तुझं सहावं पान. मग चालव माझ्या अंगावरून. मडगार्ड बदलायला तुला एक दिवस पुरतो.

कॉरीन


ऑरिन्स क्रॉसिंग
३१ ऑगस्ट १९९८

कॉरीन,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. बायकोने वाचलं आणि ती बहिणीकडे निघून गेली.

रविवारी सकाळी बर्ल गॅरेजवर आला. दार वाजवलं आणि म्हणाला, ‘हरीण होतं. आजच्या आज नीट कर आणि तोंड बंद ठेव, पुढच्या आठवड्यात शर्यत आहे.’ मी एकोणीस वर्षांचा होतो. त्याने मला एकदा ती गाडी पाव मैल चालवू दिली होती. तेवढ्यावर मी त्याचा झालो होतो. त्या वयात मला तो देवच वाटायचा, यावर हसायचं तर हस.

पत्र्यावर हरणाचा केस नव्हता. हेडलाइटच्या कडेत पांढऱ्या कापडाचा धागा अडकला होता. मी तो चिमट्याने काढला, सिंकमध्ये टाकला आणि पाणी सोडलं. दुपारी गॅरेजवर कोणीतरी येऊन रोवेनाचं सांगितलं. तेव्हा रंगाचा दुसरा हात मारायचा राहिला होता. मी तो मारला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे कळलं होतं. मग मी स्वतःला हरीण सांगत राहिलो आणि काही वर्षांनी मला ते खरंच दिसायला लागलं, शिंगांसकट. क्लबच्या कागदावर मी ‘हरीण’ सरळ लिहून टाकलं. तारीखही लिहिली, कारण तारीख खरी होती. कामाची तारीख मी कधी खोटी लिहिलेली नाही.

बाटलीचंही सांगतो. शनिवारी दुपारी मी गाडीत तेल घातलं तेव्हा ती बर्लच्या सीटखाली होती, अर्धी भरलेली. रविवारी नव्हती. ती रोवेनाशेजारी कशी गेली ते मी बघितलेलं नाही, पण ती तिची नव्हती. हे मी शपथेवर सांगेन.

परीक्षकांना मी येऊ नका म्हणून कळवलं. नंतर दोनदा हातोडी घेऊन गाडीपाशी गेलो. चार ठोक्यांत पोचा गेला असता आणि तुझ्याकडे नुसता कागद उरला असता. माझ्याने झालं नाही. रोवेनासाठी थांबलो असं तुला वाटेल म्हणून आधीच सांगतो, रंग उडेल म्हणून थांबलो. हे लिहिताना मलाच शिसारी येतेय, पण आता खोटं लिहून काय करू?

शुक्रवारी गाडी घेऊन जातो.

व्हर्जिल


ऑरिन्स क्रॉसिंग
८ सप्टेंबर १९९८

कॉरीन,

गेलो होतो. कचेरीतून तुला फोन आलाच असेल. तरी कसं झालं ते मी सांगायला हवं.

टप उघडा टाकून गेलो, ऊन होतं. खाणीच्या रस्त्याने गेलो. रस्त्यात लोक हात करत होते, त्यांना वाटलं मिरवणुकीची तालीम आहे. कचेरीसमोर गाडी लावली आणि मी आत जायच्या आधीच हवालदार बाहेर आले. एक जण पंचविशीतला, नवीन आहे. त्याने बॉनेट उघडायला सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, ‘बर्ल ओक्सची हीच का?’ आतून टायपिस्ट बाई कॅमेरा घेऊन आल्या. आताचा शेरीफ खाली आला, स्टिअरिंगवर बसला, फोटो काढून घेतला. मी दोनदा म्हणालो, ‘मला एक सांगायचंय.’ त्यांना वाटलं मला गाडीबद्दलच सांगायचंय. माझ्यासारख्या माणसांना आयुष्यभर दुसरं काही सांगायचं नसतं, त्यांचा दोष नाही.

मग तो पंचविशीतला उजव्या बाजूला वाकला आणि पोच्यावरून हात फिरवून म्हणाला, ‘काका, हा मूळचाच का?’

मी म्हटलं, ‘हो. हा रोवेना टटलचा.’

त्याने हात झटकन काढून घेतला आणि पँटला पुसला. शेरीफ सीटवरून उतरला. त्यानंतर मी आत तीन तास बोलत होतो आणि त्यांनी सगळं लिहून घेतलं, बाटलीसुद्धा. सही केली. वकील म्हणतो, एवढ्या वर्षांनी मला आत टाकतील असं वाटत नाही. मिरवणूक काल गाडीशिवाय निघाली. मला रस्त्यात पाहून बर्लची बायको थुंकली. थुंकावं असंच आहे, ती रोवेनासाठी थुंकली की बर्लसाठी, ते मात्र कळलं नाही.

एक विनंती करायची आहे, लाज सोडून. गाडी पुरावा आहे म्हणून मला तिच्याजवळ जायची बंदी आहे. ती कचेरीमागच्या आवारात उभी आहे आणि टप उघडाच राहिलाय. फोनवर ते माझं ऐकत नाहीत, पण तुझं ऐकतील. डॅशबोर्डखाली डाव्या हाताला कळ आहे, ती ओढली की टप आपोआप वर येतो. मडगार्डचं काय करायचं ते करा, पण आतल्या सीटांचा काय दोष? तीस वर्षांची शिवण आहे, कोंबड्यांतूनही वाचली. पाणी लागलं की आठवड्यात कुजेल. तुझा जबाब द्यायला तू जाणार आहेस ना, तेव्हा तेवढं सांग.

व्हर्जिल


टोलेडो
१७ सप्टेंबर १९९८

व्हर्जिल,

सोमवारी जाऊन जबाब दिला. फोटो आणि सहावं पान त्यांच्या हवाली केलं.

त्यांनी मडगार्ड काढून आत नेलं, पण नेण्याआधी मी गाडीपाशी उभी राहिले. पोचा माझ्या मांडीच्या मधोमध येतो. रोवेनाची आणि माझी उंची सारखी होती, आम्ही एकमेकींचे स्कर्ट घालायचो. शेरीफने विचारलं, पाणी हवंय का. मी म्हटलं, नको, पेपरवाल्यांचा पत्ता द्या.

गावच्या पेपरात बुधवारी आलं. पहिल्या पानावर, आईने काढलेल्या फोटोतली रोवेना कापून घेतलेली, बर्ल आणि गाडी नाही. ‘दारूच्या नशेत’ हे शब्द चुकीचे होते आणि पेपर ते मागे घेतो, असं छापलंय. त्यांच्यापैकी तेव्हाचं कोणी उरलेलं नाही, तरी त्यांनी माफी मागितली. चर्चमधल्या दोन बायकांचे फोन आले. मी उचलले नाहीत. अंक घेऊन आईच्या थडग्यावर गेले आणि तिला मोठ्याने वाचून दाखवला. आजूबाजूला गवत कापणारे लोक होते, त्यांनी यंत्र बंद केलं.

तुझं आठ तारखेचं पत्रही मी नीट वाचलं. तू गेलास, बोललास, तेवढं तू केलंस. त्याबद्दल आभार मानायला बसले होते. मग शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि उठून खिडकी उघडली.

गाडी अजून आवारात आहे. टप उघडाच आहे. कळ कुठे आहे ते मला आता माहीत आहे आणि शेरीफ माझं ऐकेल हेही माहीत आहे. इथे आणि तुमच्याकडे काल रात्रीपासून पाऊस लागून राहिलाय. मी फोन केलेला नाही.

कॉरीन